आगाऊ सत्कार

पनवेलच्या कडेला तक्का गावात काशिराम घरत नावाचा एक आरंभशूर राहत होता. मॅट्रिकच्या परीक्षेला बसला तो भूमितीच्या पेपरापर्यंत. पुढचे पेपर त्याच्याविनाच झाले. अंगणात विहीर खणायला घेतली ती कमरेइतकी. पाणी काही लागलं नाही, पण शेजाऱ्यांच्या कोंबड्या मात्र तीत नेमाने पडू लागल्या. घराला रंग द्यायला काढला तो दर्शनी भिंतीला, तोही उंबऱ्याच्या डाव्या अंगापुरता. तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात त्याची नोकरी तेवढी टिकून होती. त्याचं कारण लोक असं सांगत, की पिंप भरायचं काम काशिरामचं असलं तरी झाकण लावायचं काम दुसऱ्याचं होतं. गावात त्याला 'अर्धा काशिराम' म्हणत. नवखा माणूस पत्ता विचारत आला, तर "अर्धा का?" असं विचारून मगच त्याला घर दाखवीत.

बायको गुणाबाई त्याला तसं कधी म्हणाली नाही. त्याने नवं काही काढलं की ती हातातलं काम थांबवून नुसती त्याच्याकडे बघे, आणि ते बघणं काशिरामला गावाने ठेवलेल्या नावापेक्षा जास्त लागे. चाळिशी उलटली तसं त्याच्या मनाने एकच घेतलं. मरायच्या आत एक गोष्ट तरी शेवटाला न्यायची, आणि नेली असं लोकांनी म्हणायला हवं.

ती गोष्ट कोणती, हे ठरलं कमरुद्दीन पटेलच्या सायकलच्या दुकानात. कमरुद्दीन हा त्याचा शाळेतल्या बाकापासूनचा दोस्त. मोहल्ल्याच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. सायकली दुरुस्त करायचा आणि तासावर भाड्याने द्यायचा. एका संध्याकाळी तो एका वाकड्या चाकाचा आऊट काढत बसला होता, तेव्हा काशिराम येऊन म्हणाला, पळस्प्याच्या फाट्यावर पणजीची पाटी बघून बघून डोळे पिकले, आता सायकलवर पणजीला जायचं. कमरुद्दीन आधी पोट धरून हसला. मग त्याने विचार केला, की याला एकट्याला सोडला तर हा पेणहून पोहे घेऊन परत येईल. म्हणून तोही निघाला.

दोघांचा बेत गुपचूप जायचा होता. पण पनवेलात गुपचूप काही होत असतं तर काय हवं होतं. बातमी बुधाजीशेठच्या कानावर गेली. बुधाजीशेठ हा रेती पुरवून आणि सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे घेऊन मोठा झालेला गृहस्थ. नव्वदीच्या सुरुवातीच्या त्या दिवसांत नगरपालिकेच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, शेठ उमेदवार होता, आणि त्याला रोज एक कार्यक्रम लागे. एक हिंदू, एक मुसलमान आणि दोन सायकली असा ऐवज फुकटात हाती आलेला पाहून त्याने जागच्या जागी या सफरीला 'राष्ट्रीय एकात्मता सायकल मोहीम' असं नाव देऊन टाकलं. काशिराम आणि कमरुद्दीनची एकात्मता तोवर ताटातला शेवटचा बोंबील कुणाचा यावर भांडण्यापुरतीच होती. आपण राष्ट्राच्या उपयोगी पडतो आहोत हे ऐकून दोघेही चपापले.

अडचण एकच होती. दोघे परत येईतो आचारसंहिता लागणार होती आणि मग शेठला त्यांचा सत्कार करता येणार नव्हता. पण शेठ असल्या गोष्टींना अडणारा नव्हता.

"सत्कार आधीच उरकून घेऊ," तो म्हणाला. "गोवा काय पळून जातोय?"

बाजारात तुरी म्हणतात ती हीच. शेठच्या मंडळाच्या चौकात मांडव उभा राहिला, ताशा आला, भाषणं झाली. दोघांना शाल, श्रीफळ आणि एकेक पितळी स्मृतिचिन्ह मिळालं. त्यावर नाव आणि नावाखाली 'गोवा सायकल मोहीम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल' असं कोरलेलं होतं. काशिरामने ते तीनतीनदा वाचलं. 'पूर्ण' हा शब्द आपल्या नावाशेजारी तो जन्मात पहिल्यांदाच पाहत होता, आणि अजून पायडलवर पाय पडायचा होता. कार्यकर्त्यांनी घरी जाऊन सामान ठेवायलाही उसंत दिली नाही. हार गळ्यात असतानाच त्यांना पळस्प्याच्या दिशेने ढकलून दिलं, आणि शाली, नारळ, पितळ सगळं कॅरिअरला बांधून ही मोहीम निघाली.

शेठने प्रत्येक हँडलपुढे स्वतःचा चेहरा आणि मोहिमेचं नाव रंगवलेला पत्रा लावून दिला होता. वडखळच्या खाडीवरचा वारा त्या पत्र्यात भरला, तेव्हा दोघे जोर लावून जागच्या जागी पायडल मारत होते. पत्रा काढून टाकावा असं दोघांच्याही मनात आलं, पण काढला तर शेठ काय म्हणेल म्हणून काढला नाही. नारळ तिथेच फोडून खाल्ले. नागोठण्याला काशिरामची चेन तुटली. कोलाडला कमरुद्दीनचं पायडल हातात आलं. पुढे काशिरामला बसायची जागाच सोलवटली आणि तो माणगावापर्यंत उभ्याने सायकल चालवत गेला. स्मृतिचिन्हांचं ओझं कुणी घ्यायचं यावरून माणगावात जे वाजलं, त्यानंतर महाडपर्यंत दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. वाटेवरचे लोक पत्र्यावरची 'एकात्मता' वाचून हात हलवीत, आणि हे दोघे दोन कडांनी, दोन दिशांना तोंडं करून चाललेले असत.

पोलादपूर मागे टाकून ते कशेडीचा घाट सायकली ढकलत चढले. माथ्यावर आल्यावर काशिराम थांबला. खाली रस्ता खेडच्या बाजूला उतरत गेला होता. उभ्या आयुष्यात कुठल्याच गोष्टीत तो इतका पुढे आला नव्हता. त्याने अबोला सोडला आणि कमरुद्दीनला म्हणाला, की आता आपण पोचतो. कमरुद्दीनही हसला आणि उतारावर सुटला.

येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "ब्रेकचे रबर बदला" म्हणून बजावणाऱ्या त्या कारागिराने स्वतःच्या ब्रेकचे रबर गेल्या ईदपासून बदललेले नव्हते. दिव्याखाली अंधार तो असा. दुसऱ्या वळणावर तो रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर जाऊन आदळला. शेठच्या चेहऱ्याचा पत्रा दरीत गेला, पितळी चिन्ह रस्त्यावर घरंगळलं आणि कमरुद्दीनच्या खांद्याचं हाड मोडलं.

कठड्याला टेकून बसल्या बसल्या त्याने काशिरामला सांगितलं, "तू जा पुढे. मला कुठला पण ट्रक घेऊन जाईल. खुदा कसम, मी वाईट वाटून घेणार नाही."

काशिरामने खाली उतरणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. जावंसं त्याला फार वाटलं, ते कशाला लपवायचं. ब्रेकला, घाटाला, शेठला आणि कमरुद्दीनच्या आळशीपणाला त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. मित्राला रस्त्यात टाकून पोचलेला माणूस पूर्ण कसा म्हणायचा, असले थोर विचार त्याला तेव्हा सुचले नाहीत. कमरुद्दीनचे ओठ पांढरे पडलेत एवढंच त्याला दिसलं. त्याने पनवेलकडे चाललेला जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक थांबवला, सायकली चिऱ्यांवर टाकल्या, महाडला हाड बांधून घेतलं आणि दोघे घरच्या वाटेला लागले. ट्रकमध्ये तो एवढंच बोलला, की आता गाव काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

गाव काय म्हणणार ते त्याला मुळीच ऐकू आलेलं नव्हतं. चौकातल्या मंडळाच्या फळ्यावर दोन दिवसांपासून खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'आपले वीर गोव्यात दाखल!' शेठच्या हिशेबाने त्यांनी एव्हाना पोचायलाच हवं होतं, म्हणून त्याने ते लिहायला लावलं होतं. फाट्यावर ट्रकमधून उतरताच कार्यकर्त्यांनी दोघांना खांद्यावर घेतलं. कमरुद्दीन कळवळून ओरडला, ते लोकांना घोषणेसारखं वाटलं. मोडक्या हाडाने गोवा गाठणारा हा पहिलाच, असं जो तो म्हणू लागला.

आचारसंहिता लागलेली असल्यामुळे मंडळाने त्याच दिवशी सत्यनारायण घातला होता, आणि शेठ तिथे निव्वळ प्रसादाला आला होता. काशिरामच्या हातात माईक दिला गेला. समोर शे-दोनशे माणसं होती आणि पाठीशी साक्षात सत्यनारायण. तो खरं तेच बोलला.

"मंडळी, आमी गोव्याला गेलोच नाय. कशेडीच्या घाटात पडलो नं तिथूनच माघारी आलो."

 शेठने त्याच्या हातातून माईक अलगद काढून घेतला आणि भरल्या गळ्याने सांगितलं, की याला म्हणतात विनय. एवढा पराक्रम करून माणूस त्याचं श्रेयसुद्धा घेत नाही. मग टाळ्या पडल्या त्या थांबेनात. काशिरामने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा कुणीतरी त्यात प्रसादाचा शिरा भरला.

गुणाबाई त्या गर्दीत नव्हती. ती ओसरीवर सुकट निवडत बसली होती. गोव्यात काय काय बघितलं, असं तिने विचारलं.

"गेलोच नाय," काशिराम म्हणाला. सगळा प्रकार त्याने तिला सांगितला.

तिने सूप एकदा पाखडलं. "मंग ते ऱ्हायलंच म्हनायचं," म्हणाली, आणि पुन्हा सुकट निवडू लागली.

त्या दिवसापासून 'अर्धा' हे नाव गळून पडलं. कारखान्यातला सुपरवायझर त्याला बसायला स्टूल देऊ लागला. एका शाळेने त्याला जिद्दीवर बोलायला बोलावलं. तो गेला आणि भाषण मध्येच सोडून खाली बसला, तर पाहुण्यांना भरून आलं असं हेडमास्तरांनी सांगितलं. ज्याला भेटेल त्याला काशिराम सांगे की आपण पोचलो नाही, आणि ज्याला त्याला त्याचा विनय आणखीच आवडे. मन मारून गप्प राहावं तर खोटेपणा, बोलावं तर थोरपणा, अशी त्याची कोंडी झाली. नळावर बायका गुणाबाईला म्हणत, की बाई, तुझ्या नवऱ्याने गोवा मारला. ती हंडा उचलून निघून येई. हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. ती हो म्हणत नाही हे काशिरामला ठाऊक होतं, आणि गावभरच्या टाळ्यांपेक्षा ते न म्हणणं त्याच्या उरावर बसलं होतं.

कमरुद्दीनचं हाड जुळलं तसा काशिराम त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढला. त्याचा चेहरा बघूनच कमरुद्दीन काय ते समजला. त्याने एक तोड काढली: सायकली एसटीच्या टपावर टाकून कशेडीपर्यंत जाऊ आणि उरलेला रस्ता तिथून मारू, म्हणजे दोन्ही मिळून एक होईल. काशिराम म्हणाला, की अशा अर्ध्या-अर्ध्याच्या बेरजा मी चाळीस वर्षं केल्या, त्यांचा एक कधी झाला नाही. आपल्या दारातून निघायचं. कमरुद्दीनने हुज्जत घातली नाही. आधी स्वतःच्या ब्रेकचे रबर बदलले.

या खेपेला ताशा नव्हता, शेठचा पत्राही नव्हता, म्हणून वडखळ पटकन मागे पडलं. बाकी हाल तेच. संगमेश्वरच्या अलीकडे शिमग्याच्या पोरांनी पोस्ताचे पैसे मागायला रस्त्यावर दोरी धरली, तीत अडकून काशिराम आपटला आणि त्याचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. राजापूरला कमरुद्दीनला ताप भरला. कणकवलीपुढे काशिरामच्या मागच्या चाकाचा ॲक्सल मोडला, तेव्हा तो सायकलशेजारी धुळीत बसला आणि आता नाही होत म्हणाला. कमरुद्दीन तापल्या अंगाने सायकल उचलून गावात चालत गेला, भंगारातून ॲक्सल काढून बसवून आला आणि म्हणाला, "ऊठ. मी बायकोला खोटं सांगून आलोय की हवापालटाला चाललो. खोटं तरी पूर्ण होऊ दे."

पणजीला मांडवीच्या काठावर ते दुपारी पोचले. घोडं गंगेत न्हालं. एका कठड्याला सायकली टेकवून दोघे उभे राहिले. कुणी विचारलं नाही, कुणी वळून बघितलं नाही. काशिराम बराच वेळ पाण्याकडे बघत होता. त्याला आनंद झाला होता, पण त्या आनंदाचं करायचं काय हे कळेना. काम शेवटाला गेल्यावर माणूस पुढे काय करतो, याचा त्याला अनुभवच नव्हता. शेवटी त्याने कमरुद्दीनला तसं विचारलं.

"काय करतात म्हणजे?" कमरुद्दीन म्हणाला. "जेवतात आणि घरी जातात."

तसंच त्यांनी केलं. येताना सायकली एसटीच्या टपावर होत्या. पनवेलच्या स्टँडबाहेर बुधाजीशेठ भेटला. तो आता नगरसेवक झाला होता. काशिरामचा लंगडता पाय बघून त्याने चौकशी केली, आणि दोघे गोव्याहून येताहेत हे ऐकल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. काशिरामला बाजूला घेऊन त्याने हळू आवाजात समजावलं.

"हे कुठं बोलू नकोस. लोकांना वाटेल, पहिल्या वेळी तुम्ही गेलाच नव्हता."

काशिराम घरी आला आणि अंगणात पाय धुवायला बसला. गुणाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि पोचलात का, एवढंच विचारलं. तो पोचलो म्हणाला. ती आत गेली, भरलेला हंडा मोरीत ओतून रिकामा केला आणि तोच हंडा कमरेवर घेऊन नळावर निघाली. नळ अंगणापासून हाकेच्या अंतरावर होता. तिथे शेजारची ठकी आणि आणखी बायका उभ्या होत्या.

"आमचे ह्ये गोव्याला जाऊन आले," गुणाबाईचा आवाज आला.

ठकी म्हणाली, ते तर तवाच गेले होते, सत्कार नाय का झाला.

"नाय. तवा कशेडीलाच पडले होते. सत्कार तवाचा, गोवा आत्ताचा."

बायका एकदम गलका करू लागल्या. कुणी हसली, कुणी शेठचं नाव घेतलं. गुणाबाई प्रत्येकीला तेच पुन्हा सांगत होती. आणि अंगणात पाय धुता धुता काशिराम रडत होता.