सासऱ्यांच्या रेडिओला कल्हई

चालू वस्तू बंद कशी पाडावी, हे आमच्या साडूंइतकं साऱ्या परभणी जिल्ह्यात कोणालाच कळत नव्हतं. हे मी कौतुकानं सांगतो आहे असं कोणी समजू नये. मी थकून सांगतो आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून त्यांचा माझ्यावर हक्क होता. शिवाय जिंतूरहून सोनपेठला सासुरवाडीला जायचं तर वाटेत परभणी लागते आणि परभणीत माझं घर लागतं. एवढ्या एका कारणानं सत्तरच्या दशकातले माझे कितीतरी रविवार त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षणात गेले. शिकायचे ते आणि दमायचो मी.

साडू जिंतूरला प्राथमिक शाळेत गुरुजी होते. चाळिशी उलटेपर्यंत माणूस अगदी सरळ होता. मग एकदा परभणी स्टेशनाबाहेरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना रेडिओ शिकवणारं एक मराठी पुस्तक मिळालं. त्याला पुढचं पानही नव्हतं आणि मागचंही, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं असतं तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते. गुरुजींनी ते पुस्तक मुलांना शिकवावं तसं स्वतःला शिकवायला घेतलं. रोज मोठ्यानं वाचायचं, धडा पाठ करायचा, आणि एक धडा पक्का झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. "पुढचं आधी वाचलं की पाया कच्चा राहतो, साडूभाऊ," असं ते मला बजावत. मला पायाही नको होता आणि कळसही. मला रविवारी दुपारी जेवून झोपायचं होतं.

विजेची त्यांना भयंकर धास्ती. धड्यात लिहिलं होतं म्हणून ते पायात रबरी चपला घालून लाकडी पाटावर उभे राहिल्याशिवाय कशालाच हात लावत नसत. साधी बॅटरी, म्हणजे हातातली टॉर्च, उघडायची तरी पाट लागायचा. आमच्या घरी आले की हिला म्हणत, "पाट द्या हो जरा," आणि ही बिचारी पाटाजवळ ताट मांडायला लागायची. पुढं त्यांनी बांबूच्या कांड्यावर तार गुंडाळून आपला पहिला रेडिओ केला. त्याची एरियल म्हणून अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लांब तार बांधली. कानाला ऐकायची नळी लावून ते आवाजाची वाट बघत बसले असताना मेहुणीनं त्या तारेवर धुणं वाळत घातलं. "एवढी चांगली तार रिकामी कामून ठिवायची?" ती म्हणाली. त्यावर गुरुजी चिडले नाहीत. नऊवारी वाळेपर्यंत थांबले आणि मग पुन्हा नळी कानाला लावली.

शाळेत तर त्यांनी कहरच केला. रेडिओतल्या बारक्या बारक्या भागांवर रंगाचे पट्टे असतात आणि प्रत्येक रंगाचा एक आकडा असतो. तो धडा पक्का व्हावा म्हणून गुरुजींनी पाढ्यांच्या पाठोपाठ "काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन" असं वर्गाकडून घोकून घेतलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड दाखवून मुलांना विचारलं, पानांचा रंग कोणता? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पाच!" साहेबांनी पुन्हा एकदा खिडकीबाहेर बघितलं. गुरुजी मात्र मला हे सांगताना आनंदानं फुलले होते, कारण उत्तर बरोबर होतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग गुरुजींनी सासऱ्यांच्या रेडिओला हात घातला.

सासऱ्यांची दृष्टी काचबिंदूनं पार गेली होती. शेत मेहुण्यानं सांभाळलं होतं, आणि म्हातारा माणूस दिवसभर ओसरीवर घोंगडी टाकून बसलेला असायचा. चामडी पिशवीतला तो सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हेच त्यांचं सगळं जग. सकाळच्या बातम्यांवर ते उठायचे, दुपारच्या गाण्यांवर जेवायचे. बाजारभाव ऐकले की मेहुण्याला हाक मारून आपला सल्ला द्यायचे. तेवढ्यापुरते ते पुन्हा घरातले कर्ते व्हायचे. त्या रेडिओत थोडी खरखर यायला लागली होती. माझ्या अंदाजानं सेल बदलले असते तरी भागलं असतं. पण गुरुजी म्हणाले, "उघडून बघितल्याशिवाय कसं कळंल?" आणि पाटावर उभं राहून त्यांनी तो सबंध उघडला. मग तो मिटेना.

तुटलेल्या तारा कथलानं जोडायच्या, हा धडा गुरुजींचा झालेला होता. आता कथलाचं काम आमच्याकडे कोण करतं? कल्हईवाला. गुरुजींनी जिंतूरच्या कल्हईवाल्याकडून कथील आणलं आणि त्यानं सोबत दिला तो नवसागरही आणला. सासूबाईंच्या चुलीत सळई तापवायची, नवसागर लावायचा, धूर करायचा आणि तार चिकटवायची. घरभर तो उग्र वास. सासूबाई नाकाला पदर लावून भाकरी थापत मला म्हणाल्या, "जावई हाय म्हून गप हाय. दुसरा असता तर ह्याच सळईनं..." भाकरी मात्र जोरात थापली गेली. आणि गंमत अशी, की रेडिओ खणखणीत वाजला! सासऱ्यांनी हात जोडले. आम्ही जिंकल्यासारखे परत आलो, आणि पंधरवडा जातो न जातो तोच निरोप आला, रेडिओ पुन्हा मुका झाला.

तेव्हापासून आमच्या खेपा सुरू झाल्या. आमची ही म्हणायची, "तुमी संगं जावा. भाऊजींना एकट्याला सोडलं तर बाबांचा रेडिओ उरायचा न्हाई." मग मी एसटीत मांडीवर कथलाची पुडी घेऊन बसायचो. उघडून बघावं तर आतले सगळे सांधे हिरवेगार, तारा कुजून गेलेल्या. पुन्हा सळई, पुन्हा धूर. वाजायचा आणि मरायचा. मला खरोखर वाईट वाटायचं ते सासऱ्यांचं. ते तक्रार करत नसत. पण मेहुण्याला हाक मारणं बंद झालं होतं, आणि जेवायला बोलावलं की "इतक्यात?" असं विचारायचे. गुरुजींना ते दिसत होतं. गुरुजींचं स्वतःचं जेवण तुटलं होतं.

रेडिओ मुका, म्हणून गुरुजी काम करता करता पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि सासरे ऐकायचे. ऐकायला दुसरं होतंच काय? हळूहळू म्हातारा त्यात रमला. मधेच थांबवून विचारायचा, "गुरुजी, त्यो ट्रान्झिस्टर म्हंजी दारं धरणारा गडी म्हणा की. पाणी सगळं मोटंचं, पण ह्यानं बारकं दारं उघडलं तरच वाफ्यात जाणार." गुरुजी सळई हातात तशीच धरून म्हणायचे, "मामा, मला हे असं कुणी सांगितलंच न्हाई बघा." मी खांबाला टेकून डुलक्या घ्यायचो.

अशा रीतीनं पुस्तक शेवटाकडे आलं. शेवटून दुसरा धडा होता शिकाऊ माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचा. गुरुजींनी वाचलं, की रेडिओच्या तारा जोडताना नवसागर कधीही वापरू नये, तो तांबं खातो, राळ वापरावी. वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. जोडायचं कसं हे पुस्तकात सुरुवातीला होतं आणि चुकायचं कसं हे शेवटी, आणि आमचे साडू पुढचं पान आधी उलटणाऱ्यातले नव्हते. त्यांनी पुस्तक मांडीवर टेकवलं. मग सासरे एकदम हसायला लागले. "म्हंजी गुरुजी, इतके दिस आपुण रेडिओला कल्हई करायलोत!" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरात कितीतरी दिवसांत कोणी इतकं हसलं नव्हतं.

राळ अर्थात परभणीत मलाच शोधावी लागली. पुढच्या खेपेला गुरुजींनी सगळे सांधे खरवडून धुतले, नव्या तारा घातल्या, राळ लावून जोडल्या आणि रेडिओ लावला. आवाज असा स्वच्छ, की सासूबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. सगळ्यांना गूळ वाटला. मी पिशवी उचलली; आता पळालो तर परभणीची गाडी मिळणार होती, आणि माझे रविवार मला परत मिळणार होते.

सासऱ्यांनी एक गाणं पुरतं ऐकलं. मग हातानं चाचपून रेडिओ बंद केला.

"गुरुजी, एक धडा राहिलाय न्हवं?"

राहिला होता. शेवटचा धडा टेलिव्हिजनचा होता. गुरुजी पाटावर बसले आणि वाचू लागले. दूरवरचं चित्र हवेतून येतं, काचेवर उमटतं, बोलणारा माणूस समोर दिसतो. सासरे मान वर करून ऐकत होते.

"दिसतो म्हंजी, हालतानी दिसतो?"

"हालतानी दिसतो म्हणं, मामा."

"तुमी बघितलाव?"

"न्हाई. आपल्याकडं कुणीच बघितला न्हाई अजून."

म्हाताऱ्यानं हात लांब करून गुरुजींचा गुडघा शोधला आणि त्यावर थोपटलं. "मग ह्या धड्याला तुमी अन् मी सारखेच. वाचा. सावकाश वाचा."

माझी गाडी गेली. मी पिशवी खाली ठेवून बसून राहिलो.

आता सासरे नाहीत. पुढं घरोघरी टीव्ही आले, साडूंकडेही आला. तो बिघडला की ते मुकाट्यानं दुकानात देऊन येतात, ज्या माणसानं घरात एक वस्तू धड ठेवली नाही तो! मी एकदा न राहवून विचारलं, "एवढं शिकलात, मग हा का उघडत नाही?" त्यांनी टीव्हीवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "न्हाई, साडूभाऊ. त्यो धडा मामांनी अन् मी न बघता केलाय. तसाच राहू द्या."