मिठाचा अंदाज

थंडी सरून उकाडा सुरू झाला, की आमची काकू सगळ्यांना जेवायला बोलवायची. पडदे शिवायच्या दुकानात ती कामाला होती. त्यामुळे टेबलक्लॉथपासून हातरुमालांपर्यंत सगळं तिच्या हातचं. स्वयंपाक तर असा, की लोक बोटं चाटत राहायचे.

त्या वर्षी तापानंतर तिची चव आणि वास दोन्ही गेले. तीन महिने तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि आमंत्रणं मात्र नेहमीसारखी दिली.

पाहुणे यायला तासभर उरला आणि सूपमध्ये मीठ एकदा घातलं की दोनदा, हेच तिला आठवेना. घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी. काकाला विचारावं, तर त्याला सगळंच झकास लागायचं. ती ओट्याला टेकून रडायला लागली.

तेवढ्यात माझी आई, म्हणजे तिची थोरली जाऊ, जास्तीच्या खुर्च्या घेऊन आली. आईच्या जिभेला हाड नव्हतं. काकूच्या स्वयंपाकाला तिनं कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"वहिनी, मला चवच कळत नाही हो," काकू म्हणाली.

आईनं सूप चाखलं. "खारट झालंय. बटाटे कुठे आहेत?"

जेवणं रंगली. "हाताला काय चव आहे!" सगळे म्हणाले. काकू हसली, पण घास तिच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

भांडी आवरताना आई म्हणाली, "पुढच्या वेळी मी दुपारीच येते." काकूनं मान हलवली. चव परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांचं बोलणं तिनं आईलाही सांगितलं नाही.