निळ्या चपला
आज खालापूरच्या बाजारात नव्या प्लास्टिकच्या चपलांचा वास आला आणि मी दुकानाच्या दारातूनच मागे फिरलो. काही वर्षांपूर्वी परदेशी मासिकाच्या एका फोटोग्राफरला, दुभाष्या म्हणून, मी कर्जतच्या वरच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीत नेलं होतं. त्याला पाणीटंचाईचे फोटो हवे होते. भर मे महिना, कातळाला हात लावता येत नव्हता. डोक्यावर दोन हंडे घेऊन एक बाई चढून आली, पायात कोऱ्या निळ्या चपला. त्याने कॅमेरा खाली केला आणि मला म्हणाला, "चपला काढून पुन्हा चढायला सांग." हे खोटं आहे, एवढं म्हणण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं. पण मी तिलाच सांगितलं. "का रं, फोटूत देव हाय का?" ती हसली, चपला काढल्या आणि परत खाली उतरली. तीनदा चढवलं त्याने तिला. तिसऱ्या वेळी ती हसत नव्हती, टाचा उचलून चालत होती. तो फोटो कुठे कुठे छापून आला, अनवाणी पाय बघून लोक हळहळले. माझ्याकडेही तो आहे. अधूनमधून काढून बघतो. मी त्यात दिसत नाही. चौकटीच्या जरासा बाहेर उभा आहे, तिच्या चपला हातात धरून.