एका नंबराची चार सॉकेटं

आमच्या न्हावरे गावातल्या घराची वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाळ्या ठरल्या, म्हशी वाटल्या गेल्या, स्लॅबच्या घरात मधोमध भिंत उभी राहिली. वाटता आला नाही तो फक्त फोन. नवीन कनेक्शनसाठी तेव्हा नंबर लावून म्हातारं व्हायची पाळी यायची. म्हणून वडिलांनी आणि काकांनी लाईनमनला बोलावलं, नव्या भिंतीला भोक पाडलं आणि त्याच लाईनवर काकीच्या स्वयंपाकघरात आणखी एक सॉकेट बसवून घेतलं. दोघा भावांचं एकमेकांशी काही वाकडं नव्हतंच.

वाकडं होतं ते आईचं आणि काकीचं. आई म्हणायची, लोणच्याच्या बरणीवरून झालं. काकीच्या मते कारण फार जुनं होतं. अबोला मात्र दोघींनी सारख्याच निष्ठेनं पाळला. मला दोघींचाही राग यायचा. लहानपणी माझ्या वेण्या काकीनं घातल्या होत्या, आणि आता तिच्या दारात जायचं तर आईची नजर चुकवून जावं लागे.

काकीचा फोन स्वयंपाकघरात आहे म्हटल्यावर आईलाही आपल्या ओट्याजवळ एक हवासा वाटला. लाईनमन शिरूरहून मोटारसायकलवर आला, तिसरं सॉकेट बसवून चहा पिऊन गेला. मग काकीला बाहेरच्या खोलीत फोन नसणं कमीपणाचं वाटू लागलं. चौथं बसलं. नंबर एकच, फोन वाजला की चारही ठिकाणी एकदम बोंब. पलीकडच्यांचा फोन असला की भिंतीवर लाटणं आपटायचं, तोंड उघडायचं नाही.

एका लाईनवर चार रिसीव्हर म्हटल्यावर चोरून ऐकणं आलंच. आई काकीच्या माहेरचे फोन ऐकायची, काकी आमच्या मावशीचे. सुरुवातीला मावशीचं बोलणं चालू असताना मधेच परक्या कुकरची शिट्टी ऐकू यायची. पुढे दोघीही गॅस बंद करून मगच रिसीव्हर उचलायला शिकल्या. एकमेकींशी शब्द नाही, पण कुणाच्या भाचीला कुठलं स्थळ आलंय ते दोघींना तोंडपाठ.

मग मी ब्रॉडबँड घेतलं. शिक्रापूरच्या एका कारखान्याची ड्रॉइंग्ज मी घरी बसून कॉम्प्युटरवर काढायचे आणि मेलनं पाठवायचे. बाहेरच्या खोलीत माझ्या टेबलावर मोडेम आला, आणि तिथला फोन उचलला तरी नेट चालू राहावं म्हणून लाईनमननं त्याला स्प्लिटर नावाची छोटी डबी लावली. बाकीचे तीन फोन तसेच राहिले. परिणाम असा, की त्यातला कुठलाही रिसीव्हर उचलला की नेट गुल. मोडेमचा स्थिर हिरवा दिवा डोळे मिचकावू लागायचा आणि जवळजवळ पोहोचलेलं ड्रॉइंग पुन्हा पहिल्यापासून पाठवावं लागायचं. कारखान्यातले साहेब विचारायचे, मॅडम, झालं काय? त्यांना काय सांगणार, आमच्या काकीला मावशीच्या सुनेची काळजी लागलीय म्हणून?

मी चिडून उरलेल्या तिन्ही फोनसाठी स्प्लिटर घेऊन आले. पण तोवर आईनं दिव्याची भाषा ओळखली होती. काकी ऐकतेय की नाही हे आता बसल्या जागी दिसत होतं. आईनं ओट्याजवळचा फोन सोडला, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि स्प्लिटरच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाली, "दिवा न्हाई बंद करायचा."

आधी तिनं दिव्याच्या जोरावर सूड घेतला. दिवा लुकलुकला की मावशीला मोठ्यानं सांगायची, काही लोकांच्या आमटीला ना चव ना ढव. पण एकदा दिव्याकडे बघत म्हणाली, गुडघे धरले असतील तर तिळाच्या तेलात ओवा कढवून चोळावा. मावशीचे गुडघे ठणठणीत होते. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून कढलेल्या ओव्याचा वास आला. मी आईकडे पाहिलं तर ती लगबगीनं म्हशीला पाणी दाखवायला गेली. तेव्हापासून मी स्प्लिटरचं नाव काढलं नाही.

त्याच वर्षी आईच्या छातीत गाठ लागली. पुण्याला नेऊन तपासणी केली. गावात कुणाला कळू द्यायचं नाही असं तिनं आम्हाला बजावलं, आणि मावशीला मात्र फोनवर सगळं सांगितलं. बोलताना दिवा लुकलुकत होता. तिनं तो पाहिला आणि तरीही ती थांबली नाही.

रिपोर्ट फोनवर कळणार होता. त्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडलाच नाही. आई ओट्याशी भाकरी थापत होती, जणू आजच गावजेवण आहे. फोन वाजला, तिनं आत उचलला, मी बाहेर उचलला. इतके रिसीव्हर उचलले की एका लाईनवरचा आवाज पार बारीक होतो. दवाखान्यातल्या मुलीनं आईचं नाव घेतलं, "गाठ" म्हणाली, आणि पुढचं काहीच कळलं नाही. विचारायला माझं तोंड उघडेना. आईकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"बाई, मोठ्यानं सांगा. गाठीचं काय?"

आवाज काकीचा होता. इतकी वर्षं श्वास रोखून ऐकणारी काकी बोलली होती.

मुलगी मोठ्यानं म्हणाली, गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही. काकीनं मात्र तिला सोडलं नाही. कापायचं न्हाई ना, पथ्य काय, परत कवा दाखवायचं, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "आन् झोप लागत न्हाई त्यास्नी. त्याला कायतरी द्या."

"त्यांना म्हणजे? पेशंट तुम्हीच ना?"

"न्हाई. मी त्यांची धाकली जाऊ हाय."

"मग फोन त्यांना द्या."

"देते," काकी म्हणाली.

आणि आपला रिसीव्हर ठेवून ती खरंच द्यायला निघाली. पिठानं भरलेले हात, पायांत चप्पल नाही, भिंत उभी राहिल्यापासून पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडून माझ्या समोरून स्वयंपाकघरात गेली. आई रिसीव्हर कानाला लावूनच उभी होती, डोळ्यांतून नुसत्या धारा. काकीनं तिच्या हातातून तो अलगद काढून घेतला, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि माझ्या रिसीव्हरमध्ये तिचा आवाज आता स्पष्ट आला.

"त्यास्नी आत्ता बोलवंना. तुमी मलाच सांगा."