सूर्याजी मान्यांची आरोळी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात सराफ्यामागच्या गल्लीतली वीज बंद व्हायची ती सूर्याजी मान्यांच्या तोंडानं. आजोबा घोड्यावर, बाप घोड्यावर आणि हा शिडीवर, असं भाऊबंद त्याला चिडवत. दक्षिणेतून तलवारी घेऊन आलेल्या घराण्यातल्या माणसानं पक्कड घेऊन खांबावर चढावं, हे त्यांच्या काही पचनी पडत नव्हतं. सूर्याजीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. दरबारच्या बिजलीघरात तो बावीस वर्षं लाइनमन होता.

दुरुस्ती निघाली की तो गल्लीच्या तोंडाशी फ्यूज काढी, खांबावर चढून तारेला आधी स्वतः हात लावी आणि मग खाली उतरून गल्लीभर ओरडत जाई, "लाइन बंद! लाइन बंद!" या आरोळीसाठी लोकांची कामं खोळंबलेली असत. कुणी सैल बटण आवळी, कुणी पंख्याची जळमटं काढी, सोनार तर पॉलिशच्या मोटरीत खुशाल बोटं घालून बसे. घरातला मेन स्विच खाली करायची तसदी कुणी घेत नसे. सूर्याजीनं बंद म्हटलं म्हणजे बंद. याला भाबडेपणा म्हणायचं तर म्हणावं, पण सरकारी माणसाच्या शब्दावर कुणी जीव हवाली करावा, असे दिवस त्या गल्लीनं पाहिले होते खरे.

मग संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत झाला. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींनाही सासर आणि माहेर आलं. या धामधुमीत बिजलीघर शहराच्या गळ्यात पडलं. पाठोपाठ हुकूम निघाला की शहराबाहेरच्या एका मिलकडे जास्तीची वीज आहे, तिनंही ती घरोघर विकावी आणि ज्याला ज्याची हवी त्यानं त्याची घ्यावी. दोन महिन्यांत त्याच खांबांवर मिलची दुसरी तार चढली.

"ज्याची त्याची मर्जी," असं सूर्याजी चारचौघांत म्हणे. पण मिलकडे वळलेलं प्रत्येक घर त्याच्या मनाला लागे.

मुकुंदराव पळणीटकर दरबारच्या दफ्तरातले निवृत्त कारकून. सूर्याजीचा सकाळचा चहा रोज त्यांच्या ओट्यावर. त्यांची नजर अधू झाली होती, आणि मिलचा दिवा जास्त उजळ पडतो असं कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं. त्यांनी मिलच्या कागदावर सही केली. आता हे सूर्याजीला सांगायचं कुठल्या तोंडानं? भिडेपोटी त्यांनी मिलची जोडणी मागच्या बोळातून घेतली आणि बिजलीघराची निकामी झालेली तार पुढं दिसायला तशीच लटकत ठेवली. चहा चालू राहिला.

पौषातली सकाळ होती. ऊन आलेलं, त्यामुळे दिवे मालवलेले. थंडीत पंखा कोण लावतो? घरात वीज आहे की गेली, हे कळायला काही खूणच नव्हती. सूर्याजीनं फ्यूज काढला, आपल्या तारेला हात लावला आणि आरोळी दिली. मुकुंदरावांच्या बैठकीतलं दिव्याचं बटण दिवाळीपासून हलत होतं. आरोळी ऐकताच त्यांनी स्टूल ओढलं, पेचकस घेतला आणि बटणात घातला. सही त्यांनी मिलला दिली होती, कान मात्र अजून सूर्याजीचेच होते.

झटक्यानं ते लांब फेकले गेले. सुलोचनाबाईंची किंकाळी ऐकून सूर्याजी धावत आत आला तेव्हा नवरा जमिनीवर निपचित आणि त्या कपाळ बडवून घेत होत्या. चार-दोन क्षणांनी मुकुंदरावांनी श्वास घेतला. तळहात भाजला, खांदा मोडला. जीव तेवढा वाचला.

बिजलीघरात इंदूरहून आलेले नवे इंजिनीअर म्हणाले, "माने, वो अपना कंझ्युमर ही नहीं है. तुम्हारी क्या गलती?" मिलचा फोरमन म्हणाला, आम्ही कुठं 'बंद' ओरडलो? दोघंही धुतल्या तांदळासारखे. ज्याच्यावर कुणीच बोट ठेवलं नव्हतं, तो सूर्याजी एकटा भरल्या ताटावरून उठून मुकुंदरावांना भेटायला गेला.

इस्पितळात मुकुंदरावांनी डावा हात जोडल्यासारखा केला. "चूक माझी, सूर्याजीराव. मीच लपवलं तुमच्यापासून."

"लपवलंत, ते वाईटच वाटलं," सूर्याजी म्हणाला. "पण ओरडलो मी होतो. माझ्या 'बंद'ला काय अर्थ राहिला आता?"

हाच प्रश्न त्याला पोखरत राहिला. त्याच्या हातात एकच तार होती आणि आरोळी मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जात होती. इंजिनीअरांनी तोडगा काढला: ओरडायचं नाही, आपल्या ग्राहकांना तेवढी चिठ्ठी द्यायची. दुसऱ्याच्या ग्राहकांशी आपल्याला काय करायचंय? सूर्याजीनं मान डोलावली. नोकरी होती, नाही कसं म्हणणार?

महिन्याभरानं त्याच गल्लीत पुन्हा काम निघालं. सूर्याजी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आला, पण फ्यूज काढण्याआधी तो मुकुंदरावांच्या दारात जाऊन उभा राहिला. मुकुंदराव आत झोपले होते. सुलोचनाबाईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांचा राग अजून उतरला नव्हता. कुणावरचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आम्ही आता तुमच्याकडचे नाही," त्या म्हणाल्या. "उगीच कशाला चक्कर मारलीत?"

"म्हणूनच आधी इथं आलो, वहिनी," सूर्याजी म्हणाला. "आमच्याकडच्यांना आज काही भीती नाही. तुमची लाइन चालू आहे. हात लावू नका."