आईची पाटी

आई चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बंदरावरून चढण चढायची आणि दारोदार फिरायची. मी बँकेत साहेब झालो आणि तिची पाटी बंद केली. साहेबाची आई मासे विकते, याची मला लाज वाटायची. तिला मात्र म्हणालो, "आता आराम कर." तेव्हापासून ती पडवीतल्या खुर्चीत बसून आहे.

यंदा माझा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर न थांबता चाला, मग हळूहळू धावा. हृदय बळकट झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याला उगाच धडधडावं लागत नाही. मी महागडे बूट आणले. आता आरे-वारेचा चढ एका दमात चढतो आणि गावभर मिरवतो.

काल आईला त्याच डॉक्टरांकडे नेलं. चार पायऱ्यांत तिला धाप लागली.

तिला तपासून, तिच्या पाटीचं ऐकून त्यांनी विचारलं, "एवढं चालत होतात, मग सोडलंत का?"

"मलाच कंटाळा आला," आई म्हणाली.

माझी अब्रू वाचवली तिनं. ती अब्रू आता काय जाळायची आहे?