बेलपाड्याच्या बाईने विचारलेला वार

तेव्हा माझं देवीशी भांडण चालू होतं, हे आधीच सांगून टाकते. असे अनुभव लिहिताना लोक आपल्या श्रद्धेविषयी बरंच लिहितात. माझ्यापाशी तेव्हा लिहिण्यासारखी श्रद्धा उरली नव्हती. पन्नास सालानंतरची गोष्ट. पनवेलच्या एका लहानशा इस्पितळात आम्ही दोघी नर्स होतो. दुसरी लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. पाच महिने मला एकही सुट्टी मिळाली नाही. सकाळी देवीपुढे हात जोडायचे सोडून मी तिच्याकडे रागाने बघून घराबाहेर पडायची. तुझी सेवा म्हणून हे काम धरलं आणि तू मला घाण्याला जुंपलंस, असं तिला तोंडावर सुनवायची.

नुसती दमणूक असती तर झोपेने गेली असती. पण हे निराळं होतं. उरणकडचं एक तान्हं मूल माझ्या हातात गेलं. त्याची आई हंबरडा फोडत होती आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की आता चादर बदलावी लागणार. मला माझीच भीती वाटली. डॉक्टरांकडे आठवड्याला एक सुट्टी मागितली, तर ते गोड हसून म्हणाले की सेवेला कसली आली आहे सुट्टी. महिनाअखेर नोकरी सोडायची आणि पुन्हा कुठल्या इस्पितळाची पायरी चढायची नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात बेलपाड्याची एक बाई सुनेला बैलगाडीत घालून घेऊन आली. सुनेच्या पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला दुखणं थांबवायला मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, पलीकडच्या खाटेवरची पट्टी बदलली, पुन्हा सुई भरली आणि पुन्हा त्याच पोरीचा दंड धरला. तेवढ्यात सासूने माझं मनगट पकडलं. मिठागरात राबलेला हात, चांगलाच घट्ट.

"बाय, आताच टोचलीस ना तिला?"

मी खाटेला लावलेला औषधांचा कागद बघितला. त्यावर काहीच नव्हतं, कारण लिहायचंही मी विसरले होते. मग ताटलीत एकीऐवजी दोन रिकाम्या बाटल्या दिसल्या. दुसरी सुई गेली असती तर त्या पोरीचा श्वास थांबू शकला असता. मी तिथेच खाली बसले. वाटलं, आता ही बाई आरडाओरडा करणार, आणि केला तरी तिचं काही चुकणार नाही. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने हलकेच विचारलं, "तुजा वार कोनता?"

मला कळेना. तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे मंगळवार गावदेवीचा. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, गाडी जुंपत नाहीत. कितीही काम असो, ते बुधवारी. "आमचे बैलांना पन वार हाय, बाय. तुला नाय?"

नव्हता. पाच महिने मी देवीला जाब विचारत होते, आणि तिने या बाईच्या तोंडून उलटा मलाच जाब विचारला होता.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. आधी माझी चूक सांगितली, काही न लपवता. मग सांगितलं की यापुढे मंगळवारी मी येणार नाही. ते चिडले. म्हणाले, "मग मला दुसरी नर्स बघावी लागेल."

"बघाच," मी म्हटलं. "तीच तर हवी आहे."

खरं कठीण होतं ते पुढे. पहिल्या मंगळवारी घरी बसले, पण जीव सगळा वॉर्डात. बुधवारी गेले तर कोपऱ्यातली खाट रिकामी. तीन आठवडे मी ज्यांची शुश्रूषा केली ते दमेकरी आजोबा आदल्या दुपारी गेले होते. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही असता तर..." आणि वाक्य अर्धंच ठेवलं.

कदाचित वाचलेही असते. मी ते आजही नाकारत नाही. त्या दिवशी मी खूप रडले, आणि रडता येतंय याचंच मला नवल वाटलं. आजवर मी समजत होते की माझ्यावाचून माणसं मरतील, आणि त्यालाच भक्ती म्हणत होते. तो माझा अहंकार होता. मीही कोणीतरी ओझं वाहायला जुंपलेलं जनावर नाही, हेही तितकंच खरं. नोकरी मी सोडली नाही. ती बाई कोण होती, असं लोक विचारतात. ती बेलपाड्याची होती. बरी झालेली सून घेऊन गाडीने परत गेली. तिला नमस्कार करायचा राहून गेला, तो या लिहिण्यातून करते आहे.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या मंगळवारी सकाळी इस्पितळाचा शिपाई दारात उभा. तीन पेशंट आलेत, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. चप्पल पायात घालेपर्यंत माझी मजल गेली होती. मग मी ती काढली आणि त्याला सांगितलं की उद्या सकाळी सातला येते. दार लावून देवीपुढे बसले, बऱ्याच महिन्यांनी हात जोडले आणि म्हटलं, "आई, आज ड्यूटी तुझी."